पावती क्रमांक बेचाळीस

खोली सात. रात्रीचे दोन.
हसनमियां परकार उशीवरून डोकं उचलतात
आणि विचारतात, "भरती लागली का गो?"

इंग्रजी त्यांना सोडून गेलं मागच्या हिवाळ्यात,
आधी माणसांची नावं, मग आकडे,
सगळ्यात शेवटी थँक्यू.
उरली फक्त हर्णैची बोली,
म्हणून मॅनेजरबाईंनी मला या मजल्यावर टाकलं.
इंडियन म्हणजे एकच भाषा, असं त्यांना वाटतं.
या वेळी ते चुकून बरोबर निघालं.

"लागली, चाचा. झोपा आता."
खोटं सांगते.
कार्डिफच्या खाडीला केव्हाच बांध घातलाय.
पाणी एका पातळीवर उभं असतं,
कॉफीच्या दुकानांसमोर, शहाण्या मुलासारखं.

कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
डब्यात कवळी, तसबीह, एक पावतीपुस्तक.
सत्तर वर्षांचा कार्बन अजून बोटं निळी करतो.

वॉरसामे, बॉयलर, सहा पेन्स.
अली सालेह, खानावळ, सहा पेन्स.
ओकाफोर, एक शिलिंग, मागच्या महिन्याचे धरून.
परकार, सहा पेन्स.
कशासाठी: मोंबासा, संपातल्या घरांना पीठ.
कशासाठी: अल्जीरिया, औषधं.
कशासाठी: गोवा.

गोवा.
बर्बेराचा वॉरसामे, कोळशाने भरलेल्या हातांनी
गोव्यासाठी सहा पेन्स देतो.
त्याला नकाशात बोट ठेवून कुणी दाखवलं असेल?
मला गोवा म्हणजे दहावीची सहल, आणि बसमध्ये लागलेली उलटी.

एकेचाळीस पावत्या. पुढची पानं कोरी.
का, ते चाचांना विचारलं,
तर ते भिंतीकडे वळले.

रुतेंडो मुतारेची. माझ्याबरोबर रात्रपाळीला.
तिने एजंटला डॉलर मोजले, मी अठरा लाख.
माणूस एकच होता, हे आम्हाला मार्चमध्ये कळलं,
त्या रात्री चादरींच्या खोलीत दार लावून
आम्ही पोट धरधरून हसलो.

तिचा धाकटा भाऊ पुण्यात शिकतो.
सात घरमालकांनी दार उघडलं,
त्याच्याकडे पाहिलं, दार लावलं.
"तुमच्या पुण्यात," ती म्हणाली,
आवाज न चढवता.
मी चादर ताणत राहिले. कोपरा बसेना.
शाळेत काळेबाई आफ्रिकेत हिरवा खडू भरायच्या,
म्हणायच्या, ही आपली भावंडं.
माझ्या आत्याच्याही दोन खोल्या आहेत भाड्याच्या, कर्वेनगरात.
हे मी रुतेंडोला अजून सांगितलेलं नाही.

या महिन्यात पुन्हा चाळीस तास कापले.
गुरुवारी चॅपलच्या मागच्या खोलीत बैठक आहे,
फिलिपिन्सची दोघं येणार, केरळची मेरीकुट्टी येणार.
"तू?"
मी म्हणाले, स्पॉन्सर गेला तर साठ दिवस.
मी म्हणाले, मुलगा पाचवीत आहे, मिरजेला, आईकडे.
मी म्हणाले, बघू.
तिलाही मुलगी आहे. ती काही बोलली नाही.

बसला म्हणून दोन पौंड तेवढे दिले.

आज दोन वाजता मी औषधांची नोंद करत होते.
आतून आवाज आला, "भरती लागली का गो?"
रुतेंडोला मराठीचा एक शब्द येत नाही.
तिने त्यांचा हात हातात घेतला,
"होंगू, सेकुरू. होंगू."
आणि ते झोपले,
माझ्या उत्तराने कधी झोपले नव्हते तसे.

मग तिने डबा उघडला.
कोऱ्या पानाखाली कार्बन सारखा केला,
पेन दाबून लिहिलं, बेचाळीस.
मिळाले: दोन पौंड.
बाकी: तू.

पांढरी प्रत माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे.
निळी पुस्तकात राहिली, कवळीशेजारी.
आज मंगळवार.